आबाजींच्या भजनाच्या जुन्या कॅसेटला बुरशी लागली आहे, पट्टीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. आवाज परत मिळेल का?

बहुतेक मिळेल. पट्टी चुरगळली, तुटली तरी आवाज पुसला जात नाही, तो तिच्यावरच्या लोहाच्या थरात असतो. पण घाईने टेपात घालू नका. आमच्या आबाजींच्या खंजेरी भजनांची कॅसेट मी अशीच घातली आणि टेपने वीतभर पट्टी गिळली. ती काढताना हात कापत होते.

पट्टीच्या कडेला पांढरी भुकटी आहे म्हणता, तर आधी ओल जाऊ द्या. सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात दोनेक आठवडे ठेवा. उन्हात नको, आपल्याकडच्या मे महिन्यात प्लास्टिक वाकतं. सुकलेली बुरशी अंगणात, तोंडाला फडकं बांधून मऊ ब्रशने झाडा. मागच्या दोन खिट्ट्या शाबूत असतील तर मोडा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही.

डबी पाच स्क्रूची असेल तर उघडून दोन्ही रिळं चांगल्या डबीत बसवा. पट्टीला हेडवर, म्हणजे टेपमधल्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबणारी इवलीशी गादी जुन्या डबीत बरेचदा गळालेली असते, मग आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बुरशीची कॅसेट वाजवल्यावर पुन्हा पुसा. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट वाजत असताना तो केसभर फिरवला आणि इतका वेळ नुसती फसफसणारी खंजेरी एकदम छनछनू लागली! मी तिथंच थांबलो.

टेपची तार लॅपटॉपला लावून ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या प्रोग्राममध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर वेव्ह फाइल करा. खरखर काढायची ती कॉपीवर, तीही बेतानं. मी जास्त काढली तर आबाजींचा श्वासही गेला.

आमच्या कॅसेटची दुसरी बाजू शेवटाकडे चिरकी वाजायची. आत्या म्हणे, "हा बाबाचा आवाज नोहे." रेकॉर्ड करताना सेल उतरले होते. तेव्हा पट्टी हळू फिरली, म्हणून नेहमीच्या वेगाने वाजवली की आवाज चढायचा. पेटी पहिल्या भजनापासून तीच होती. तिचा सूर सुरुवातीच्या सुराशी जुळेपर्यंत मी वेग थोडा थोडा कमी करत गेलो. आत्या भाजी निवडत बसली होती. मधेच तिचा हात थांबला.

"हं, आता बाबा होय."