आजोबांचं बंद पडलेलं एचएमटी जनता: ओळख आणि दुरुस्ती

आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ नेमकं कोणतं आणि ते दुरुस्त कसं करून घ्यावं, असं तुम्ही विचारलंत. डायलवर 'जनता' आहे आणि चावी द्यावी लागते म्हणता, म्हणजे बहुधा १७ ज्वेल्सचं (झीज कमी करणाऱ्या बारीक खड्यांचं) हातचावीचं मशीन. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली, त्याच घराण्यातलं हे. खात्री हवी असेल तर मागचं झाकण घड्याळजीकडूनच उघडून घ्या. आत डुलणाऱ्या चाकाजवळ ०२३१ हा मशीनचा क्रमांक कोरलेला दिसलं की अस्सल मशीन.

आधी एक करा: चावी देत बसू नका. वर्षानुवर्षं पडून आतलं तेल वाळलेलं असतं, कोरडं चालवलं की पिव्हट, म्हणजे चाकांच्या आसांची बारीक टोकं, झिजतात. घड्याळजीला 'फक्त चालू करून द्या' म्हणू नका, पूर्ण खोलून, धुऊन, तेल घालून मागा. काच प्लास्टिकची असते. बारीक ओरखडे टूथपेस्टने माझ्या वडिलांच्या घड्याळावरचे गेले होते, दहा मिनिटं मऊ फडक्याने घासून.

डायल मात्र रंगवू देऊ नका! पिवळट पडला, डाग आले, तरी राहू द्या. ऑनलाइन दिसणाऱ्या लाल-हिरव्या चकचकीत 'जनता' बहुतेक अशाच नव्याने रंगवलेल्या. आणि बदललेला प्रत्येक जुना भाग पुडीत बांधून परत मागून घ्या.

हात धुताना काढून ठेवा, पाणी याला सोसत नाही.