ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी बंगल्याच्या बागेत छोटी खोली बांधतोय. पावसाच्या पाण्याचा पाइप भिंतीत लपवला तर चालेल का?

नका लपवू. दिसायला छान दिसतं, पण जुलैत पाइप तुंबला की टाइल्स फोडाव्या लागतात. ठाण्यात वर्षाला २००० मिमीहून जास्त पाऊस, त्यात येऊरच्या झाडांचा पाला. पन्हळ भरणारच.

११० मिमीचा पीव्हीसी पाइप बाहेरून उतरवा. तळाशी साध्या बेंडऐवजी डोअर बेंड लावा, झाकण उघडून तार घालता येते. फक्त ते झाकण भिंतीकडे तोंड करून बसवू देऊ नका (प्लंबर हमखास तसंच बसवतात). पाइपच्या वरच्या तोंडावरची जाळी काढता येणारी हवी. खोली आणि कंपाउंडमध्ये शिडी टेकवून माणूस उभा राहील इतकी, निदान तीन फूट जागा सोडा. आणि पाइपचं पाणी जिथे उतरतं त्या जमिनीतल्या चेंबरच्या झाकणावर पेव्हर ब्लॉक अजिबात नको.