साहस की जोखीम?

चि. यास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. नोकरी सोडून लाकडी घाणा टाकतोयस, वाचून बरं वाटलं. पण चार पानांत ‘साहस’ सहा वेळा आलंय. जन्मभर संस्कृत शिकवलेल्या बाईला असं पत्र पाठवलंस, तर ती तांबडी शाई काढणारच.

साहस आलं ‘सहस्’पासून. सहस् म्हणजे बळ. मागचा धातू ‘सह्’, त्याचे अर्थ दोन: दुसऱ्याला नमवणं आणि सोसणं. ‘सहन’ही त्यातूनच आलं. घरात एकाने साहस केलं की दुसऱ्याच्या वाट्याला सहन येतं, असं मी वर्गात सांगायची. पोरं हसायची.

जुन्या धर्मशास्त्रात तर साहस हा चक्क गुन्हा. मनुस्मृतीत खटल्यांचे 18 विषय आहेत, त्यांतला हा एक. चोरीहून तो वेगळा कसा, तेही सांगितलंय: मालकाच्या पाठीमागे नेलं तर चोरी, त्याच्या डोळ्यांदेखत जबरदस्तीने नेलं तर साहस. दंडांनाही हेच नाव! प्रथम साहस 250 पण (‘पण’ हे तेव्हाचं नाणं), मध्यम 500, उत्तम 1000. म्हणजे ‘उत्तम साहस’ हा सगळ्यांत जड दंड. नारदस्मृतीत व्याख्याच आहे: बळाच्या घमेंडीत ‘सहसा’ केलेलं कर्म ते साहस. सहसा म्हणजे एकाएकी, मागचापुढचा विचार न करता. आपण मराठीत ‘तो सहसा चुकत नाही’ म्हणतो, त्यातली ती घाई कुठे गेली कोण जाणे.

असो. शब्दांचे अर्थ बदलतात. आज साहस शाबासकीचा शब्द आहे आणि मी काही तुला व्युत्पत्ती सांगून अडवत नाही. पण तिसऱ्या पानावर तू कंसात लिहिलंयस, ‘आईच्या पाटल्या गहाण ठेवतोय, ती नाही म्हणणार नाही.’ तिथे मी थांबले. ती नाही म्हणणार नाही हे तुला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच थांबले. डोळ्यांदेखत म्हणतात ते हेच रे.

माझी आजी एसटीत चढताना पदर घट्ट ओढून घ्यायची आणि हळूच म्हणायची, “जोखीम आहे अंगावर.” जोखीम म्हणजे तिच्या लेखी दागिनेच, जिवापाड सांभाळायची चीज. पुढच्या पत्रात तो शब्द वापरून बघ. साहस म्हटलं की छाती फुगते. जोखीम म्हटलं की विचारावं लागतं, कोणाची आणि किती तोळ्यांची?

तुझ्या शिलकीत बसेल एवढाच घाणा आधी घे. जागा भाड्याची चालेल. पाटल्यांचं आईला एकदा निवांत बसून विचार, आणि ती “बघ बाबा, तुझं तू” म्हणाली तर त्याला होकार समजू नकोस.

करडईचं तेल काढशील तेव्हा दोन लिटर माझ्यासाठी ठेव. विकत.

तुझ्या बाई