सात वाचनालये, एकच सॉफ्टवेअर: ग्रंथपालांचे प्रश्न

प्रश्न : तालुक्यातली सात वाचनालये मिळून एकच सॉफ्टवेअर घेणार आहोत. ई-ग्रंथालय घ्यावे की कोहा?

दोन्हींवर काम चालते. ई-ग्रंथालय एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचे आहे. कोहाचा जन्म १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या लेव्हिन या छोट्या गावच्या वाचनालयासाठी झाला. ते मुक्तस्रोत असल्याने परवान्याचे पैसे पडत नाहीत, पण सर्व्हर, बॅकअप आणि अडल्यावर धावून येणारा माणूस यांचा खर्च दरवर्षी असतोच. तो सात जणांत कसा वाटायचा, हे आधी ठरावात लिहा. आणि उद्या बाहेर पडायचे झाले तर पुस्तकांच्या नोंदी मार्क २१ या ग्रंथालयांच्या प्रमाणित स्वरूपात आणि सभासदांची यादी साध्या एक्सेलमध्ये हातात मिळेल का, हे विचारा. लेखी होकाराशिवाय सही करू नका.

प्रश्न : आमच्या नोंदी संगणकावर आहेतच. त्या नुसत्या एकत्र करायच्या ना?

खरे काम तिथेच आहे. जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फाँटातल्या नोंदी आधी बदलून घ्याव्या लागतील. बदलल्यावर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासा.

मग नावे. एका वाचनालयात ‘कुसुमाग्रज’, दुसऱ्यात ‘शिरवाडकर, वि. वा.’, तिसऱ्यात ‘वि.वा. शिरवाडकर’. वाचक एकच नाव टाकतो आणि निम्मी पुस्तके त्याला दिसतच नाहीत. प्रत्येक लेखकाचे एक अधिकृत नाव ठरवा, बाकीच्या नावांवरून तिकडे ‘पाहा’ असा संदर्भ द्या.

एका ठिकाणी ‘ॲड.’ शोधल्यावर समोरच्या कपाटातले पुस्तक सापडेना. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. एकाने ‘ॲ’ हे एकच अक्षर टाइप केले होते, दुसऱ्याने ‘अ’ला वर चंद्र जोडला होता. संगणकाला ती दोन वेगळी अक्षरे. असे नियम दोन पानांत लिहून प्रत्येक टेबलावर चिकटवा.

पुस्तक नोंदवताना त्याला मिळणारा दाखल क्रमांक १ पासूनच सुरू होतो, त्यामुळे १ हा क्रमांक सातही ठिकाणी असणार. क्रमांकाआधी वाचनालयाचे संक्षिप्त नाव लावा, आणि बारकोड छापण्यापूर्वीच लावा. छापल्यावर लक्षात आले तर हजारो लेबले पुन्हा चिकटवावी लागतात.

प्रश्न : आमच्या सभासदांचे फोन नंबर बाकीच्यांना दिसतील का?

कोहात प्रत्येक शाखेपुरती माहिती मर्यादित ठेवता येते, पण ते मुद्दाम लावून घ्यावे लागते. कोण काय वाचतो ही त्या वाचकाची खासगी गोष्ट आहे. पुस्तक परत आले की तो इतिहास साठवून ठेवू नये असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : दाखल रजिस्टर आता बंद करायचे का?

नाही. रजिस्टर चालूच ठेवा. देवघेवीच्या टेबलावर एक वहीही ठेवा. वीज किंवा इंटरनेट गेले की सभासद क्रमांक, दाखल क्रमांक आणि तारीख त्यात लिहा आणि त्याच संध्याकाळी संगणकावर चढवा.