वाद सोडू नकोस, मूळ कागद उघड

सहकारनगर, पुणे

प्रिय चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद.

तुझी लांबलचक मेल वाचली. ऑफिसच्या ग्रुपवर ईव्हीएमवरून झालेली खडाजंगी, मग घरच्या ग्रुपवर मामांनी तुला सुनावलेलं, आणि शेवटी तुझा प्रश्न, "मावशी, या भानगडीत पडणं सोडूनच देऊ का?" नको सोडूस. यंत्र आतून कसं चालतं हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं गप्प बसली, तर मोठ्या आवाजाचेच तेवढे बोलत राहतील. हिंजवडीत बसून तू दिवसभर जे काम करतोस, त्यातून तुला दिसणाऱ्या गोष्टी मला आणि मामांना दिसत नाहीत. त्या आम्हाला सांगणं तुझं कामच आहे.

पण तू पाठवलेले स्क्रीनशॉट मी चष्मा लावून सावकाश वाचले. ईव्हीएमवरच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालावर एवढं रण माजलं, आणि निकालपत्र एकानेही उघडलेलं नाही. तूही नाही. मला तुझ्याशी बोलायचंय ते याबद्दल.

शिवाजीनगर कोर्टात आमची हयात गेली. तिथे पहिल्या दिवसापासून अंगात मुरतं की घडलं काय, हा एक प्रश्न. त्यावर आजचा कायदा काय म्हणतो, हा दुसरा. पहिल्याला साक्षीपुरावा लागतो, दुसऱ्याला कलम आणि निवाडे. कायदा कसा असायला हवा, हा तिसरा प्रश्न बहुतेक वेळा कोर्टाच्या दारातून आतही येत नाही, तो संसदेचा आणि विधानसभेचा. ग्रुपवर हे तिन्ही एकाच वाक्यात कोंबलेले असतात. मामा पहिल्याबद्दल बोलतात, तू तिसऱ्याबद्दल उत्तर देतोस, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याला अक्कल नाही.

कल्याणीनगरचा अपघात आठव. 19 मे 2024 ची पहाट, भरधाव पोर्शे, दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने जामीन दिला आणि अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध घातला. पुणं पेटलं, आणि ते पेटणं रास्तच होतं. त्या आठवड्यात रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येक जण सांगत होता की मुलावर सज्ञान म्हणून खटला चालवा, कायद्यात तशी सोय आहे.

सोय आहेच. बाल न्याय अधिनियम, 2015, कलम 15. सोळा ते अठरा वयातल्या मुलाबाबत तसं करता येतं, पण फक्त निर्घृण गुन्ह्यात, आणि निर्घृण कशाला म्हणायचं तेही तिथेच लिहिलंय: ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे तो गुन्हा. पोलिसांनी लावलेलं मुख्य कलम होतं तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं 304, सदोष मनुष्यवध. त्याची कमाल शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, किमान शिक्षा मात्र काहीच नाही. कमाल मोठी पण किमान ठरवलेली नाही असे गुन्हे निर्घृण वर्गात बसत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्येच सांगून ठेवलं होतं आणि 2021 च्या दुरुस्तीने ते कायद्याच्या मजकुरातही आलं. म्हणजे जुलै 2025 मध्ये मंडळाने पोलिसांचा अर्ज फेटाळला, तेव्हा "पैसा बोलला" म्हणून जो गलका झाला, त्यातल्या कुणी ती एवढी दोन-तीन पानं वाचली असती तर त्याला निदान धक्का तरी बसला नसता.

मुलाला जामिनानंतर पुन्हा निरीक्षणगृहात ठेवलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने 25 जून 2024 रोजी ते बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितलं. तू त्या रात्री मला फोन करून किती तावातावाने बोलला होतास! मी तेव्हाही हेच म्हणाले होते की याच कायद्याचं कलम 12 वाच. मुलांच्या बाबतीत जामीन हा नियम आणि नकार हा अपवाद आहे.

राग चुकीचा होता असं मी म्हणत नाहीये. राग कुठे लावायचा ते कागदातून कळतं, एवढंच. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, ती लोकांनी विषय लावून धरल्यामुळे मागे पडू शकली नाही. जामीन देणाऱ्या मंडळाच्या दोन सदस्यांची चौकशी होऊन सरकारने ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांची नेमणूकच संपवली. हे सगळं पहिल्या प्रश्नाच्या मुळाशी गेल्यामुळे घडलं. आणि तिसरा प्रश्न, म्हणजे जिवावर बेतणारे पण किमान शिक्षा नसलेले गुन्हे कलम 15 खाली आणावेत का, हा अगदी खरा वाद आहे. तो जरूर घाल. माझं मत विचारशील तर आणू नयेत. एका श्रीमंताच्या गाडीकडे बघून बदललेलं कलम उद्या जनता वसाहतीतल्या, ताडीवाला रोडवरच्या गरीब वस्त्यांतल्या पोरांना लागेल, आणि त्यांच्या बाजूने पहिल्या दिवशी उभा राहणारा वकील नसेल. तुझं मत वेगळं असलं तरी चालेल, फक्त आपण तिसऱ्या प्रश्नावर बोलतोय हे सांगून बोल.

त्याच दिवसांत एका मुलाचं अर्वाच्य रॅप गाणं फिरलं होतं. "हाच तो, बघा माज", म्हणून. तो मुलगा तो नव्हताच. तुझ्या ग्रुपवरही ते आलं होतं. शिवाय अल्पवयीन आरोपीचं नाव किंवा फोटो पसरवणं हा कलम 74 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. न्याय मागणाऱ्या किती जणांनी तो त्या रात्री केला असेल!

आता ईव्हीएम. तू लिहिलंस, "कुठलंही यंत्र हॅक होऊ शकतं." इंजिनिअर म्हणून तुझं वाक्य बरोबर आहे. पण त्यावर मामांचं "मग पुरावा दे" हेही बरोबर आहे, कारण होऊ शकतं आणि झालं यांत अंतर आहे. सुप्रीम कोर्टाने 26 एप्रिल 2024 च्या निकालात सगळ्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते दाखवणाऱ्या छापील चिठ्ठ्या, मोजण्याची मागणी नाकारली, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालानंतर सात दिवसांत लेखी मागितलं, तर मतदारसंघातल्या पाच टक्के यंत्रांचे मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्र चालवणारी चिप, तपासून घेण्याची वाट मोकळी केली. तुमच्या अख्ख्या भांडणात या पाच टक्क्यांचा उल्लेख नाही. तुझ्यासारख्याने बोलायला हवं होतं ते नेमकं इथे: तपासणी कोण करणार, कशी करणार, तिच्यातून काय कळू शकतं आणि काय नाही.

यात आणखी एक बाजू आहे, ती मला फार मोलाची वाटते. जर्मनीच्या घटना न्यायालयाने 2009 मध्ये तिथली मतदान यंत्रं घटनाबाह्य ठरवली. कुणी गडबड केली असं कोर्टाने म्हटलंच नाही. त्यांचं म्हणणं असं की मतमोजणीचे महत्त्वाचे टप्पे साध्या नागरिकाला, खास तांत्रिक ज्ञानाशिवाय, स्वतः तपासता आले पाहिजेत. आपल्याकडे तो निकष लावावा की नाही यावर तू आणि मामा एक अख्खी संध्याकाळ बोलू शकाल, आणि कुणालाच कुणाला देशद्रोही म्हणावं लागणार नाही.

देशद्रोहावरून आठवलं. तुला ग्रुपवर कुणी "66 अ खाली आत जाशील" अशी धमकी दिली आहे. घाबरू नकोस. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते कलम सुप्रीम कोर्टाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं. त्याच्या मागे आपल्याच पालघरच्या दोन मुली होत्या. 2012 मध्ये मुंबई बंदबद्दल एकीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. त्या निकालात कोर्टाने चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. पहिल्या दोन कितीही बोचऱ्या असल्या तरी त्यांना संरक्षण आहे, सरकारला हात घालता येतो तो तिसरीला. तरीही पुढे कित्येक वर्षं पोलीस ठाण्यांत त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले, आणि 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा बजावावं लागलं. ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत निकाल पोचायला इतका वेळ लागतो, म्हणून तो आपल्या खिशात असलेला बरा. अब्रुनुकसानीचं कलम मात्र जिवंत आहे, भारतीय न्याय संहितेचं 356. नाव घेऊन आरोप करताना हात आखडता घे. आणि तू ग्रुपचा अ‍ॅडमिन आहेस म्हणून दुसऱ्याच्या मेसेजसाठी तुला धरता येत नाही, तुमचा संगनमताचा हेतू असल्याशिवाय. नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये तसं स्पष्ट म्हटलंय.

कागद वाचणं म्हणजे तो खरा आहे का हेही बघणं. पुण्याला हे सांगायला नको खरं तर. टिळक आणि आगरकर 1882 मध्ये तुरुंगात गेले ते राजद्रोहासाठी नव्हे. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत असल्याबद्दल केसरी-मराठ्यातून दिवाण बर्व्यांवर आरोप झाले, त्यासाठी पत्रं छापली, आणि ती पत्रं बनावट निघाली. माफी मागूनही चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून दोघे सुटले. हेतू स्वच्छ, बुद्धी तल्लख, आणि तरी एका खोट्या कागदाने घात केला. पुढे 1891 मध्ये संमतिवयाच्या बिलावरून तेच दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करणारं ते बिल, आगरकर त्याच्या बाजूने. टिळकांचा मोठा आक्षेप परक्या सरकारने हिंदूंच्या घरात कायदा आणण्याला होता. मला आगरकर पटतात, पूर्णपणे पटतात, पण टिळक कुठल्या प्रश्नाचं उत्तर देत होते ते समजून घेतल्याशिवाय त्यांना नुसतं सनातनी म्हणून मोकळं होणं मला जमत नाही.

आजचा खोटा कागद जास्त साळसूद असतो. चॅटबॉटला विचारलंस तर तो पक्षकारांची नावं, वर्ष, परिच्छेद क्रमांक सगळं देतो, आणि कित्येकदा असा निकाल मुळात नसतोच. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली दोन वकिलांनी असे निवाडे कोर्टात सादर केले आणि त्यांना नि त्यांच्या फर्मला मिळून 5,000 डॉलर दंड झाला. तू दिलेल्या मेसेजमधलं एक "सुप्रीम कोर्टाचं वाक्य" मी शोधायला गेले, मला ते कुठेच सापडलं नाही. कायद्याचा मजकूर इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे, सुप्रीम कोर्टाचे निकाल कोर्टाच्याच ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट आहेत. निकाल शंभर पानांचा असला तर शेवटचा आदेश आधी वाच, मग त्याआधीचे चार-पाच परिच्छेद. अर्धा तास पुरतो.

मामांचं एवढंच सांगते की त्यांना ग्रुपवर उत्तर देऊ नकोस. वीस नातेवाइकांसमोर कुठलाही माणूस मत बदलत नाही, फोनवर बदलू शकतो.

आता मी तुझ्याशीच भांडते. तू लिहिलंस की डेटा संरक्षण कायदा, 2023 मुळे आपली खासगी माहिती एकदाची सुरक्षित झाली. त्याचं कलम 44(3) बघ. त्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(j) चा मजकूर बदलला, आणि नोव्हेंबर 2025 पासून तो बदल लागूही झालाय. आधी खासगी माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती देणं म्हणजे खासगीपणावर विनाकारण घाला आहे, असं अधिकाऱ्याला दाखवावं लागे. शिवाय संसदेला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं परंतुक, म्हणजे जोडलेली अट, होती. आता माहिती वैयक्तिक आहे एवढंच म्हणायचं, की झालं. ज्या शहरात 12 ऑक्टोबर 2005 ला, माहिती अधिकार कायदा लागू झाला त्याच दिवशी, देशातला पहिला अर्ज पोलीस ठाण्यात दिला गेला, त्या शहरातल्या माणसाला हे टोचायला हवं. ठेकेदाराचं नाव, बढतीची यादी, लाभार्थ्यांची यादी, सगळं वैयक्तिकच की.

सरकारचं उत्तर असं आहे की व्यापक जनहित असेल तर कलम 8(2) खाली माहिती देता येतेच. माझ्या मते ते पुरेसं नाही, कारण त्या कलमाखाली जनहित जास्त वजनदार आहे हे ठरवणार पुन्हा तेच कार्यालय. तुला पुरेसं वाटत असेल तर दोन्ही कलमं शेजारी ठेवून मला लिही. आणि एक अर्जही टाकून बघ: तुमच्या रस्त्याचं काम कुठल्या ठेकेदाराला दिलं, बिल कुणी मंजूर केलं, हमी किती वर्षांची. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, उत्तराला तीस दिवस. काय नाकारतात आणि कुठलं कलम लिहून नाकारतात ते आलं की मग आपल्या दोघांकडे भांडायला खरा कागद असेल.

तुझी,
मावशी