फिल्म आधी कुणाला दाखवायची?

तुम्ही विचारलंय की वीटभट्टीवरच्या मुलांच्या बुडणाऱ्या शाळेवर 18 मिनिटांचा माहितीपट केलाय, तो यूट्यूबवर टाकला तर काही बदलेल, की नुसते व्ह्यूज मिळतील?

माझं म्हणणं, अजून टाकू नका.

काही वर्षांपूर्वी मी ऊसतोडीच्या एका टोळीवर छोटी फिल्म केली होती. कोपीसमोर (तोडकऱ्यांच्या झोपडीसमोर) बसून एका ताईंनी सगळं सांगितलं. उचल (हंगामाआधी मिळणारे आगाऊ पैसे) किती घेतली, खाड्याचे किती कापले, पोटात कळा येत असताना डोक्यावर मोळ्या घेऊन गाडी कशी भरली. पुण्यात दाखवली तेव्हा लोक हळहळले, टाळ्या वाजल्या. मग आम्ही ती फेसबुकवर टाकली. त्या ताईंनी फिल्म पाहायच्या आधीच ती मुकादमाच्या, म्हणजे उचल देऊन टोळी नेणाऱ्या माणसाच्या, मोबाइलवर पोचली. पुढच्या हंगामाला त्याने त्या कोयत्याला (नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे कोयताच म्हणतात) उचल दिली नाही. दुसरा मुकादम मिळाला, पण पैसे कमी. ताईंचा फोन आला. "दादा, आधी मला दाखवली असती तर मी तो उचलीचा भाग काढायला लावला असता." मी फिल्म काढून टाकली, पण व्हॉट्सॲपवर गेलेले तुकडे कुठून परत आणणार?

ही चूक टाळायची रीत अर्ध्या शतकापूर्वीच सापडलेली होती, हे मला नंतर वाचताना कळलं. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांतात फोगो नावाचं बेट आहे. 1967 साली तिथे दहाएक छोटी गावं होती आणि लोक कॉड मासेमारीवर जगायचे. मासेमारी खालावली होती. अशा दूरच्या वस्त्या रिकाम्या करून माणसं मोठ्या गावांत हलवायचं सरकारचं धोरण होतं. गावागावांत धर्मपंथांची भांडणं, त्यामुळे एकत्र बसून बोलणंही अवघड. तिथे नॅशनल फिल्म बोर्ड या कॅनडाच्या सरकारी फिल्मसंस्थेच्या 'चॅलेंज फॉर चेंज' या उपक्रमातून दिग्दर्शक कॉलिन लो आला. मेमोरियल विद्यापीठाचा, लोकांमध्ये जाऊन काम करणारा विस्तार विभाग सोबत होता.

लोने एक मोठा माहितीपट केला नाही, वीसहून जास्त छोट्या फिल्म केल्या. एकेक फिल्म एका माणसाची, नाहीतर एका बैठकीची. दोन माणसांची वाक्यं कापून एकमेकांसमोर ठेवायची आणि त्यातून भांडण रंगवायचं, हे त्याने टाळलं. ज्याचं चित्रण झालं त्याने आधी पाहायचं, नको ते काढायला सांगायचं, मगच ते शेजारच्या गावात दाखवायचं. समोरासमोर न बोलणारी माणसं पडद्यावर एकमेकांचं ऐकू लागली, आणि आपलं दुखणं एकच आहे हे त्यांना दिसलं. त्यानंतर, लोकांच्या संमतीने, त्याच फिल्म राजधानीत मंत्र्यांपुढे गेल्या. मत्स्यमंत्र्यांनी कॅमेऱ्यापुढे उत्तर दिलं आणि ते उत्तर परत बेटावर आणून दाखवलं. मला यातला हा परतीचा प्रवास सगळ्यात मोलाचा वाटतो.

पुढे बेटावर मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली, त्यांनी मोठ्या होड्या बांधल्या, आणि बेट रिकामं झालं नाही. हे सगळं फिल्ममुळे झालं असं मात्र समजू नका. बेटावर लोकांची सुधारणा समिती आधीपासून धडपडत होती. फिल्मने तिला कान मिळवून दिले.

आपल्याजवळचं उदाहरण हवं असेल तर तेलंगणात जहीराबादजवळचं पस्तापूर. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या संघमांमधल्या (गावातल्या बायकांच्या गटांमधल्या) दलित शेतकरी बायका तिथे स्वतः कॅमेरा चालवतात. त्यांच्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कॅमेऱ्याच्या कोनांना त्यांनी आपली नावं दिली. वरून खाली बघणारा तो पटेल शॉट, कारण जमीनदार असाच बघतो. खालून वर बघणारा गुलामाचा. आणि डोळ्याला डोळा भिडणारा तो संघम शॉट, कारण संघमात सगळ्या एका पातळीवर बसतात. बीटी कापसाला (जनुकं बदललेल्या बियाण्याला) 2002 मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा याच बायका वारंगळच्या शेतकऱ्यांकडे हंगामभर पुन्हा पुन्हा गेल्या आणि पीक कसं येतंय ते चित्रित करत राहिल्या. एका दिवसात बाइट घेऊन परतणाऱ्या कुणालाही ते जमलं नसतं. तुमचं चित्रण काढून बघा, भट्टीवरची मुलं त्यात कुठल्या शॉटमध्ये आहेत. एका जागी बसून हे तपासाच.

आता तुमच्या फिल्मबद्दल. पहिला खेळ भट्टीवर करा. पांढरी चादर, उसना प्रोजेक्टर, छोटा स्पीकर एवढं पुरतं. दिवसभर विटा थापून माणसं थकलेली असतात, तेव्हा जेवणं उरकल्यावर, आणि मालक नसताना. आईबापांना थेट विचारा, यातलं काय काढू? उचलीचा, मालकाचा उल्लेख असेल तर दोनदा विचारा. काढा म्हणाले तर काढा, तुमचा सगळ्यात चांगला प्रसंग गेला तरी. मग ती फिल्म घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, जमलं तर भट्टीवरचे दोघं-तिघं सोबत घेऊन. हंगामापुरती या मुलांची शाळा कुठे आणि कशी भरणार, एवढाच प्रश्न विचारा. त्यांनी परवानगी दिली तर उत्तर रेकॉर्ड करा आणि ते भट्टीवर परत दाखवा. यूट्यूब त्यानंतर, आईबाप हो म्हणाले तरच, आणि तेव्हाही मुलांचे चेहरे अन् गावाचं नाव झाकून.

पावसाच्या तोंडावर भट्ट्या बंद होतात आणि माणसं गावी परततात. त्याआधीची एखादी संध्याकाळ धरा.