होस्टला इंटरनेट आहे, कंटेनरना नाही: रीस्टार्टनंतर एलएक्सडीचं नेटवर्क का अडलं?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एका जागी मांडते, म्हणजे हाच त्रास घेऊन पुढे येणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. उबुंटू २२.०४ चा सर्व्हर, त्यावर एलएक्सडीचे (एका मशीनमध्ये छोटी वेगवेगळी लिनक्स मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) पाच कंटेनर, दोन वर्षं विनातक्रार चालू. मागच्या आठवड्यात त्याच मशीनवर दुसऱ्या एका कामासाठी डॉकर (अ‍ॅप्लिकेशन कंटेनरमध्ये चालवणारं वेगळं सॉफ्टवेअर) टाकलं. आठवडाभर दोन्ही सुखाने नांदले. काल कर्नल अपडेटसाठी सर्व्हर रीस्टार्ट केला आणि तेव्हापासून एकाही कंटेनरमधून बाहेर पिंग जात नाही. कंटेनरना पत्ता मिळतोय, ब्रिजला (कंटेनरना होस्टशी जोडणारा व्हर्च्युअल स्विच) पिंग जातंय, होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, इंटरनेट ठीक आहे. तुमचा संशय नव्या कर्नलवर आहे आणि कंटेनर नव्याने बांधावेत का, असं तुम्ही विचारलंय.

बांधू नका. कंटेनरना हात लावू नका, ब्रिजही पुसू नका, जुन्या कर्नलवरही जाऊ नका. तुमचं पॅकेट कंटेनरमधून नीट निघतंय आणि होस्टच्या आत, ब्रिज आणि नेटवर्क कार्ड यांच्या मधे कुठेतरी टाकून दिलं जातंय. टाकणारं बहुतेक डॉकरने लावलेलं फायरवॉल आहे. हे मी कशावरून म्हणते ते सांगते. (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितेय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करा.)

तुम्ही दिलेली लक्षणं बघा. कंटेनरला पत्ता मिळतो याचा अर्थ त्याची डीएचसीपीची (पत्ता मागण्याची) हाक ब्रिजपर्यंत पोचली, तिथे बसलेल्या डीएनएसमास्कने (पत्ते वाटणारा आणि साइटच्या नावांचे पत्ते सांगणारा प्रोग्रॅम) उत्तर दिलं आणि ते परत आलं. म्हणजे कंटेनरच्या आतलं नेटवर्क, त्याची व्हर्च्युअल तार आणि ब्रिज, तिन्ही धड आहेत. अर्धा रस्ता तुम्ही न कळत तपासून टाकलाय. आता कंटेनरमधून नुसतं ‘गेटेंट होस्ट्स’ लावून एखाद्या साइटचा पत्ता विचारून बघा. मला वाटतं तोही मिळेल, आणि इथेच भले भले फसतात. नाव सुटलं म्हणजे इंटरनेट आहे असं वाटतं. पण कंटेनर नाव विचारतो ते ब्रिजवरच्या डीएनएसमास्कला, आणि बाहेर जाऊन चौकशी करतो तो होस्ट. कंटेनरचं स्वतःचं एकही पॅकेट त्यासाठी होस्ट ओलांडून जात नाही. होस्टशी बोलणं आणि होस्टमधून पलीकडे जाणं हे लिनक्सच्या फायरवॉलमध्ये दोन वेगळे दरवाजे आहेत: पहिला इनपुट, दुसरा फॉरवर्ड. तुमचा पहिला उघडा आहे, दुसरा बंद.

आता तो बंद कुणी केला आणि आठवडाभर उघडा कसा होता, हा खरा प्रश्न.

डॉकर सुरू होताना आधी बघतं की कर्नलमध्ये आयपी फॉरवर्डिंग (एका नेटवर्कचं पॅकेट दुसऱ्याकडे पुढे पाठवणं) चालू आहे का. नसेल तर ते स्वतः चालू करतं, आणि ‘आता हे मशीन राउटर झालं, कुणीही यातून आरपार जाऊ नये’ म्हणून फॉरवर्ड चेनची (त्या दरवाज्याच्या नियमांच्या यादीची) पॉलिसी ड्रॉप करतं, म्हणजे कुठल्याच नियमात न बसणारं पॅकेट टाकून द्यायचं. विचार चांगलाच आहे. पण फॉरवर्डिंग आधीपासून चालू असेल, तर डॉकर त्या पॉलिसीला हात लावत नाही. मागच्या आठवड्यात तुम्ही डॉकर टाकलं तेव्हा एलएक्सडीचा ब्रिज दोन वर्षं उभा होता आणि फॉरवर्डिंग त्यानेच चालू केलेलं होतं. डॉकरने ते बघितलं आणि पॉलिसी होती तशी सोडली. काल मशीन शून्यापासून उठलं. या वेळी डॉकर एलएक्सडीच्या आधी जागं झालं, त्याला फॉरवर्डिंग बंद दिसलं, त्याने ते चालू केलं आणि दार लावून घेतलं. एलएक्सडी मागाहून आलं. कर्नलचा यात काही दोष नाही, तो फक्त रीस्टार्टचं निमित्त झाला.

तुम्ही म्हणाल, एलएक्सडी स्वतःचे नियम टाकतं ना? टाकतं. पण २२.०४ वर ते एनएफटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलचं नवं साधन) स्वतःचं वेगळं टेबल करून टाकतं, आणि डॉकरचे नियम आयपीटेबल्सच्या (जुनं साधन) टेबलात असतात. पॅकेटला दोन्हीकडून जावं लागतं. एका टेबलाने ‘जाऊ दे’ म्हटलं की काम झालं असं तिथे नसतं. दुसऱ्याने ‘नाही’ म्हटलं तर ते पॅकेट गेलं. दोन चौकीदार असलेल्या वाड्यासारखं आहे. पहिल्याची चिठ्ठी दुसऱ्याला चालत नाही.

माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः बघा. ‘सुडो आयपीटेबल्स -एनव्हीएल फॉरवर्ड’ चालवा. यात एन आणि व्ही स्मॉल, एल कॅपिटल. पहिल्याच ओळीत पॉलिसी दिसेल आणि तिच्यापुढे पॅकेटांचा आकडा. ड्रॉप दिसलं तर लगेच नियमांवर तुटून पडू नका. एका कंटेनरमध्ये पिंग चालू ठेवा आणि हीच कमांड पाच-पाच सेकंदांनी पुन्हा चालवा. आकडा पिंगच्या तालावर चढत असेल तर चोर सापडला.

त्याहून पक्की खूण हवी असेल तर दोन टर्मिनल शेजारी शेजारी उघडा. डाव्यात ‘टीसीपीडंप -एनआय एलएक्सडीबीआर० आयसीएमपी’ (टीसीपीडंप येणारी-जाणारी पॅकेट दाखवतं, एलएक्सडीबीआर० हे ब्रिजचं नाव), उजव्यात तीच कमांड पण ब्रिजच्या जागी तुमच्या नेटवर्क कार्डचं नाव. कंटेनरमधून ८.८.८.८ ला पिंग सोडा. डाव्या खिडकीत दर सेकंदाला एक ओळ पडेल: १०.१२०.५५.१४ कडून ८.८.८.८ कडे, एको रिक्वेस्ट. उजवी खिडकी कोरी राहील. ती कोरी खिडकी म्हणजेच तुमचं उत्तर: पॅकेट होस्टमध्ये शिरलं आणि बाहेर पडलंच नाही.

ही दोन खिडक्यांची पद्धत मी कुठल्याही कंटेनरच्या दुखण्यावर वापरते, कारण उजव्या खिडकीत काय दिसतं त्यावरून दुखणं कुठलं ते कळतं. उजवीकडे रिक्वेस्ट दिसली, पण तिच्यावर होस्टच्या ऐवजी कंटेनरचाच १०.१२० वाला पत्ता असेल, तर नॅट (कंटेनरच्या पत्त्याच्या जागी होस्टचा पत्ता लावणं) होत नाहीये. ‘एलएक्ससी नेटवर्क गेट एलएक्सडीबीआर० आयपीव्ही४.नॅट’ विचारा, ते ट्रू हवं. होस्टच्या पत्त्याने रिक्वेस्ट जातेय पण उत्तर येत नाही, तर अडचण सर्व्हरच्या बाहेर आहे, होस्टिंगवाल्याला विचारा. उत्तर उजवीकडे येतंय आणि डावीकडे पोचत नाही, तर परतीच्या वाटेवरचा एखादा नियम ते खातोय. आणि डाव्या खिडकीतच काही नसेल, तर कंटेनरच्या आत जाऊन ‘आयपी रूट’ बघायला हवं. तासभर अंदाज बांधण्यापेक्षा ही दोन मिनिटं मोलाची.

मी हे इतकं ठासून सांगतेय कारण मी एकदा उलट वागले आणि ते महागात पडलं. एका लहान कंपनीच्या सर्व्हरवर अकरा कंटेनर होते आणि लक्षणं थेट तुमच्यासारखी. रात्रीचे साडेअकरा, सकाळी त्यांना पगार काढायचे होते. घाईत मी ब्रिज पुसून नवा केला. नव्या ब्रिजला एलएक्सडीने आपोआप दुसरं सबनेट (पत्त्यांचा गट) दिलं आणि सगळ्या कंटेनरांचे पत्ते बदलले. पोस्टग्रेस डेटाबेसच्या ‘पीजी_एचबीए’ फाइलमध्ये (कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारी) जुनं सबनेट लिहिलेलं होतं, त्यामुळे आता बाहेरचं इंटरनेट तर नव्हतंच, वर डेटाबेसनेही अॅप्लिकेशनला दारात उभं करणं बंद केलं. एका बिघाडाचे दोन झाले. पहाटे चारला मी टीसीपीडंप लावलं, उजवी खिडकी कोरी दिसली आणि पुढच्या दहा मिनिटांत मूळ दुखणं संपलं. पत्ते निस्तरायला मात्र सकाळचे नऊ वाजले. पगाराला बसलेल्या बाई फोनवर काहीच बोलल्या नाहीत, फक्त दर अर्ध्या तासाने ‘झालं का हो?’ विचारायच्या. तो आवाज मला आजही आठवतो.

आता उपाय. डॉकर स्वतःच्या नियमांआधी ‘डॉकर-यूझर’ नावाची चेन तपासतं आणि ती खास आपल्यासाठी मोकळी ठेवतं. तिच्यात दोन नियम टाका. पहिला, ब्रिजकडून येणारं सगळं जाऊ द्या: ‘आयपीटेबल्स -आय डॉकर-यूझर -आय एलएक्सडीबीआर० -जे ॲक्सेप्ट’. इथे पहिला आय कॅपिटल, म्हणजे नियम वर घाला. दुसरा आय स्मॉल, म्हणजे इथून आत येणारं. दोन्ही डॅश-आय सारखेच दिसतात म्हणून गोंधळ होतो. दुसरा नियम परतीच्या वाटेचा: स्मॉल ओ लावून एलएक्सडीबीआर० कडे जाणारं, पण कॉनट्रॅकने (चालू जोडण्यांची नोंद ठेवणारा कर्नलचा भाग) रिलेटेड किंवा एस्टॅब्लिश्ड ठरवलेलं तेवढंच ॲक्सेप्ट. ही अट गाळू नका. गाळली तर कंटेनरांनी न मागितलेलं काहीही बाहेरून त्यांच्याकडे जाऊ शकेल. नियम पडल्या पडल्या पिंग सुरू झालं पाहिजे, काहीही रीस्टार्ट न करता. एलएक्सडीऐवजी इन्कस वापरणाऱ्यांनी ब्रिजचं नाव इन्कसबीआर० घ्यायचं, बाकी सगळं हेच. (इन्कस २०२३ मध्ये एलएक्सडीमधूनच फुटून निघालेलं आहे, त्यामुळे ब्रिजची रचना ओळखीचीच.)

दुसरा उपाय तुम्हाला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल: सिसकंट्रोलच्या (कर्नलच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये ‘नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड=१’ लिहून ठेवायचं, म्हणजे बूट होताना डॉकरच्या आधीच फॉरवर्डिंग चालू असतं आणि पॉलिसी ड्रॉप होत नाही. चालतं ते. पण मग तुमचा होस्ट सरसकट राउटर होतो आणि त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनला डॉकरच्या कंटेनरांपर्यंत यायची वाट मोकळी होऊ शकते. स्वतःचं फायरवॉल नीट लिहिलेलं असेल तरच हा मार्ग घ्या. ‘आयपीटेबल्स -पी फॉरवर्ड ॲक्सेप्ट’ मारून मोकळं होण्याबद्दलही माझं हेच मत.

आणि थोडी सवड मिळाली की डॉकरला होस्टवरून हलवा. एलएक्सडीचा सहावा कंटेनर करा, त्याला ‘सिक्युरिटी.नेस्टिंग’ (कंटेनरच्या आत कंटेनर चालवायची परवानगी) ट्रू द्या आणि डॉकर त्याच्या आत चालवा. मग डॉकरला फायरवॉलमध्ये जे करायचं ते त्याच्या खोलीत करू दे, बाकीच्या पाचांना त्याची झळ लागत नाही. माझ्या हाताखालच्या सगळ्या सर्व्हरवर मी आता हेच करते.

समजा फॉरवर्डची पॉलिसी डॉकरने ड्रॉप केलेली नसेल, तर यूएफडब्ल्यू (उबुंटूचं फायरवॉल सांभाळायचं सोपं साधन) चालू आहे का बघा. त्याला ब्रिजबद्दल स्वतंत्र सांगावं लागतं: ‘यूएफडब्ल्यू राउट अलाउ इन ऑन एलएक्सडीबीआर०’, तसंच ‘आउट ऑन’चंही. नुसतं ‘यूएफडब्ल्यू अलाउ इन ऑन एलएक्सडीबीआर०’ नसेल तर गोष्ट आणखी आधी अडते, डीएचसीपीच पोचत नाही आणि ‘एलएक्ससी लिस्ट’मध्ये आयपीव्ही४चा रकाना रिकामा दिसतो. रिकाम्या रकान्याची आणखी दोन कारणं मी पाहिली आहेत. होस्टवर कुणीतरी बाइंड (डीएनएस सर्व्हर) टाकलेलं असतं, ते ५३ नंबरचं पोर्ट सगळ्या पत्त्यांवर धरून बसतं आणि ब्रिजचं डीएनएसमास्क उठतच नाही. किंवा कंटेनर फार जुना असतो, सेंटओएस ७ किंवा उबुंटू १६.०४, त्यातल्या सिस्टमडीला (सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) फक्त सीग्रुप दोन (कर्नलची साधनं वाटायची नवी पद्धत) असलेल्या नव्या होस्टवर सुरूच होता येत नाही, मग पत्ता मागणार कोण? तुमच्याकडे पत्ते येत आहेत, म्हणून यावर जास्त थांबत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, कारण पिंग सुरू झाल्यावरही हे उरू शकतं. पिंग जातंय, पण ‘एप्ट अपडेट’ शून्य टक्क्यांवर ‘वेटिंग फॉर हेडर्स’ म्हणून तासभर बसलंय, एचटीटीपीएसच्या साइट अर्धवट अडकतायत, असं झालं तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) तपासा. लहान पॅकेट जातात, मोठी अडतात, म्हणून पिंग फसवं ठरतं. क्लाउडच्या खाजगी नेटवर्कवर व्हीएक्सलॅन (दुसऱ्या नेटवर्कवरून चालणारं व्हर्च्युअल नेटवर्क) असेल तर ते प्रत्येक पॅकेटमागे ५० बाइट स्वतःकडे घेतं आणि १५०० चे १४५० उरतात. वायरगार्डवर (व्हीपीएन) सहसा १४२०. ब्रिज मात्र १५०० धरून चालतो. कंटेनरमधून ‘पिंग -एम डू -एस १४७२’ मारा, एम कॅपिटल. १४७२ आणि हेडरचे २८ मिळून बरोबर १५००. हे अडलं आणि १४२२ ने गेलं, तर ‘एलएक्ससी नेटवर्क सेट एलएक्सडीबीआर० ब्रिज.एमटीयू १४५०’ करा.

डॉकर-यूझरमधले नियम डॉकर रीस्टार्ट झालं तरी राहतात, पण मशीन रीस्टार्ट झालं की जातात. म्हणून ते दोन्ही एका छोट्या वनशॉट (बूटला एकदाच चालणाऱ्या) सिस्टमडी युनिटमध्ये लिहा, त्यात ‘आफ्टर=डॉकर.सर्व्हिस’ द्या आणि युनिट एनेबल करा. आयपीटेबल्सची सगळी यादी सेव्ह करून बूटला परत भरू नका, तिच्यात डॉकरचे जुने नियमही गोठतात आणि नंतर खऱ्याशी भांडतात. मग दिवसाढवळ्या, वापरणाऱ्यांना सांगून, सर्व्हर एकदा मुद्दाम रीस्टार्ट करा आणि पाचही कंटेनरमधून पिंग बघा. नाही गेलं तर फॉरवर्डच्या कमांडची पहिली ओळ आणि उजव्या खिडकीत जे दिसलं ते खाली कमेंटमध्ये टाका, मी संध्याकाळी बघते.